काहिलीतलं जहाज

आमच्या आळीत बोलणं हातांनी चालायचं. दिवसभर पंधरा-वीस घरांतून तांब्यावर हातोडे पडत, आणि त्या आवाजात तोंडाने बोलण्यात अर्थ नसे. पाणी हवं असेल तर अंगठा ओठाकडे, जेवायला बोलवायचं तर पाची बोटं जुळवून तोंडाकडे, कुणी गेलं असेल तर तळहात पालथा. तांबटाचे कान चाळिशीत जातात असं आळीत म्हणत. माझे वडील, नाना, त्याच्या आधीच ठार बहिरे झाले होते. त्यांच्याशी लांबलचक काही बोलायचं तर माझी शाळेची पाटी घ्यावी लागे. मी लिहायची, ते वाचायचे आणि मोठ्या आवाजात उत्तर द्यायचे. आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नसे. नाशिकच्या एका दैनिकात पुढे मी तीस वर्षं इतरांच्या बातम्या तपासल्या, अनावश्यक शब्द कापले. त्याची सुरुवात त्या पाटीवर झाली असावी. पाटीवर जागा कमी असते.

नाना मठाराचं काम करत. मठार म्हणजे तयार भांड्यावर एकाला एक लागून हातोड्याचे ठसे उमटवायचे, म्हणजे पत्रा घट्ट होतो आणि भांडं चमकतं. पण घर चालायचं ते त्र्यंबकेश्वरच्या दुकानांना लागणाऱ्या गडव्यांवर. यात्रेकरू तीर्थाचं पाणी तांब्याच्या छोट्या गडवीत भरून, तोंडाला डाख, म्हणजे वितळलेल्या कथलाचा सांधा, लावून बंद करून घेऊन जात. नानांची गडवी कधी गळली नाही. कुणी ती वर्षभर देवघरात ठेवली, कुणी रेल्वेने दक्षिणेत नेली; पाण्याचा थेंब बाहेर आला नाही. आणि त्यांचं भांडं सपाट जागेवर ठेवलं की हलायचं नाही. त्यांच्या कळशीत काठोकाठ पाणी भरलं तर ते सगळ्या बाजूंनी एकाच वेळी सांडायचं. आळीतली म्हातारी माणसं हे दाखवायला मुद्दाम कळशी भरत. नानांना दुसरा कसलाही अभिमान नव्हता. घरात चिंचेचा, राळेचा आणि नवसागराचा वास असे. आई चुलीवर मटकीची उसळ आणि बाजरीची भाकरी करी, आणि भाकरीलाही तांब्याची चव लागते असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. बाहेरचं जेवण जेवल्यावर कळलं की ती चव आमच्या बोटांना होती.

डिसूझा साहेब आले ते गडवी बघूनच. मुंबईच्या गोदीत नकाशे काढण्याच्या कामावरून निवृत्त होऊन ते नाशिकरोडला राहायला आले होते. उंच, पाठीत वाकलेले, डोक्यावर उन्हाची टोपी. त्यांनी एक बंद गडवी कानाशी हलवून पाहिली, बादलीत दाबून धरली, बुडबुडा येतो का बघितलं. मग पिशवीतून कागदाची गुंडाळी काढून ओसरीवर पसरली.

"हे बनवायचं," ते म्हणाले. "तांब्यात. पाण्यात तरंगलं पाहिजे. आतले सगळे कप्पे खरे पाहिजेत."

ती एका जुन्या युद्धनौकेची चित्रं होती. मी तेव्हा अकरावीत होते. इंग्रजी अक्षरं वाचून नानांना पाटीवर मराठीत लिहून देणं हे माझं काम ठरलं, म्हणून ते जहाज मला अजून आतून बाहेरून पाठ आहे. पुढे दोन मोठ्या तोफांचा फिरता मनोरा, मागे तसाच दुसरा. दोन्ही कडांना लहान तोफांची रांग. पाण्याखाली नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, शिंगासारखी पुढे आलेली, शत्रूच्या जहाजाला भोसकायला. पोटात कोळशावर चालणाऱ्या भट्ट्या आणि दोन इंजिनं, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही कुशींना कोळशाचे लांब कप्पे. गोळा आलाच तर आधी कोळशात रुतावा हा हिशेब. आणि बरोबर मधोमध, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत, एक उभी पोलादी भिंत. डावीकडे पाणी शिरलं तर उजवी बाजू कोरडी राहावी म्हणून.

"हुशार माणसानं काढलंय," नाना ओरडून म्हणाले.

डिसूझा साहेबांनी माझ्या हातातली पाटी घेतली आणि लिहिलं, 'तीच भिंत मारते.' मग मला समजावून सांगितलं. पाणी दोन्हीकडे पसरलं तर जहाज सरळ खाली बसतं, माणसांना वेळ मिळतो. भिंत असली की पाणी एकाच बाजूला साचतं आणि जहाज त्या बाजूला ओढत नेतं. हे बांधणाऱ्यांना उशिरा कळलं. कळेपर्यंत जहाजच जुनं झालं होतं. त्याच्याहून वेगवान आणि सगळ्या तोफा मोठ्याच असलेली नवी जहाजं निघाली होती. मग याला हिंदी महासागरात मालवाहू जहाजांची राखण करायला ठेवलं. लढाई पेटल्यावर एका अरुंद सामुद्रधुनीत पाठवलं, कारण बुडालं तरी फारसं नुकसान नव्हतं. तिथे पाण्यातल्या सुरुंगावर आदळून ते काही मिनिटांत उलटलं.

या जहाजावर त्यांचे आजोबा होते. गोव्याचे, अधिकाऱ्यांच्या खोल्यांची देखभाल करणारे स्टुअर्ड. नाव पास्कू. सामुद्रधुनीत शिरण्याआधी कुशीतल्या सगळ्या गोल खिडक्या फिरून बंद करणं हे स्टुअर्डांचं काम. वाचून परत आलेल्या कुणीतरी गावात सांगितलं की खिडक्या उघड्या राहिल्या होत्या, त्यातून पाणी आलं, म्हणून ते इतक्या लवकर उलटलं. "माझ्या आजीनं हे मरेपर्यंत ऐकलं," डिसूझा साहेब म्हणाले. "विहिरीवर गेली की बायका म्हणायच्या, पास्कूनं खिडकी उघडी ठेवली आणि पाचशे माणसं मारली. माझ्या बापानं ऐकलं. मी पण ऐकलं. घरात त्या जहाजाचं नाव कोणी घेत नाही. मला फक्त बघायचं हाय, खिडक्या बंद असताना ते उलटतं का नाय."

जाताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. वाचलेल्यांपैकी एक भट्टीवाला आजीला भेटून गेला होता. तो म्हणाला होता की शेवटी माणसांचा आवाज नव्हता. जहाज कलंडलं तसा कुशीतला कोळसा सरकला, आणि तो आवाज सुपात तांदूळ सरकावेत तसा होता.

आईने हे चुलीपाशी बसून ऐकलं.

नानांनी जहाजाला पूर्ण हिवाळा घेतला. हातभर नव्हे, चांगलं दोन हात लांब. प्रत्येक पत्रा कापल्यावर तराजूत डाव्याचा उजव्याशी तोलायचा. मुंगीएवढा फरक असला तरी कानशीने घासायचा. मधली भिंत त्यांनी एकसंध पत्र्यातून काढली. तळाशी शिशाचे तुकडे डिसूझा साहेबांच्या मापाने बसवले. कुशीतल्या गोल खिडक्या नुसत्या ठशाने उमटवल्या, भोकं पाडलीच नाहीत. म्हणजे त्या कायमच्या बंद. पाण्याखाली दोन्ही बाजूंना, कोळशाच्या कप्प्यांच्या खाली, एकेक खरं भोक ठेवलं, त्याला तांब्याची खुंटी. शेजारचे रंगाकाका, तेही तांबट, रोज येऊन चेष्टा करत. "केशवा, समुद्र कुठून आणणार? गोदावरीला सांगून ठेवलंयस का?" नानांना ऐकू जायचं नाही. ते हसणाऱ्याच्या तोंडाकडे बघून हसायचे.

आता ती चूक. आमच्याकडे कुठलंही भांडं रिकामं देत नाहीत. शेजारणीची वाटी परत करायची तर त्यात चिमूटभर साखर तरी हवी. नवं भांडं गिऱ्हाइकाच्या हातात जाताना त्यात मूठभर तांदूळ. गडवीचा प्रश्न नव्हता, ती भरलेलीच जायची. पण या जहाजाला वरून झाकण बसणार होतं. शेवटचे दोन पत्रे राहिले तेव्हा आईने मला पदराआडून मूठ दाखवली. "हे आत टाक. नानांना सांगत बसू नकोस, ते काम थांबवतील."

मी म्हटलं, "आई, त्यात तोलाचं काम आहे."

"मूठभर तांदळानं कुठं जहाज बुडतं गं? आणि मेलेल्या माणसाचं भांडं, ते मोकळं द्यायचं? अवदसा आहेस का?"

आई चुलीकडे निघून गेली. नाना भाता ओढत होते, पाठ माझ्याकडे होती. जहाज ऐरणीशेजारी पडलं होतं. मी डाव्या हाताच्या कोळशाच्या कप्प्यात मूठ सोडली. तांदळाचा आवाज झाला. सोळाव्या वर्षी मला तो बराच मोठा वाटला, पण खोलीत ऐकू येणारी मी एकटीच होते. मग नाना वळले, पत्रे बसवले आणि डाख लावून कप्पे बंद केले.

धडधाकट कानांचा कुणीही तांबट ते जहाज उचलताच थांबला असता. भांडं ठोकून आवाजावरून चीर ओळखणारी ती माणसं.

गुऱ्हाळात रस उकळायला केलेली आणि कुणी न नेलेली एक मोठी काहील आमच्या अंगणात पालथी पडलेली असे. ती सुलटी करून तिच्यात विहिरीचं पाणी भरलं. दुपारची वेळ होती, ऊन डोक्यावर, पाण्यात काहिलीचा तांबडा तळ दिसत होता. आळीत त्या दिवशी हातोडे थांबले होते. सगळे भिंतीला टेकून उभे. ती शांतता मला नीट आठवते, कारण जन्मल्यापासून मी ती दिवसा कधी ऐकली नव्हती.

नानांनी जहाज पाण्यावर ठेवलं आणि हात काढले. ते तरंगलं. मग डावीकडे झुकलं, बोटाच्या एका पेराएवढं, आणि तसंच राहिलं.

"केशवाचं जहाज पान थुंकायला वाकलंय!" रंगाकाका म्हणाले. लोक हसले. नानांना हसणं दिसलं. या वेळी ते हसले नाहीत. त्यांनी जहाजाचं तोंड उलट दिशेला फिरवून ठेवलं. ते पुन्हा आपल्या डावीकडेच झुकलं. त्यांनी पाणी स्थिर होऊ दिलं, वाकून डोळा पाण्याच्या रेषेशी नेला. मग उठून म्हणाले, "मी परत करतो. सगळं उकलून परत करतो. हात चुकला."

"नको," डिसूझा साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "ते असंच होतं. आधीपासून डावीकडे थोडं वाकलेलं. भट्टीवाल्यानं सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं."

खरंच सांगितलं नव्हतं. माझ्या पाटीवर ते कधी आलं नव्हतं.

त्यांनी बाही वर करून पाण्यात हात घातला आणि डावीकडची खुंटी काढली. जहाज आणखी झुकलं, थांबलं. बराच वेळ काही झालं नाही. काठाशी आई उभी होती, तिने माझं मनगट धरलं होतं. मग आतून तो आवाज आला. हळू, कोरडा, सुपात तांदूळ सरकावेत तसा. डिसूझा साहेबांनी टोपी काढली. जहाज एका बाजूला पडलं, मनोरे पाण्यात गेले, आणि ते पालथं झालं. मठारलेला तळ उन्हात चमकत वर राहिला. नाना एकटेच त्या तळाकडे बघत होते. बाकी सगळे ऐकत होते.

"खिडक्या बंद होत्या," डिसूझा साहेब म्हणाले. पुन्हा म्हणाले. मग काहिलीच्या काठावर बसून लहान मुलासारखे रडले.

आमच्याकडे भांड्यावर मालकाचं नाव घालतात, छिन्नीने ठिपक्या-ठिपक्यांनी. त्यांनी तळाखाली एकच शब्द घालून घेतला, पास्कू, आणि जहाज चादरीत गुंडाळून टांग्यातून नेलं. दर नाताळाला त्यांच्याकडून केक यायचा. सोबतच्या पहिल्या चिठ्ठीत लिहिलं होतं की त्यांनी गोव्याला जाऊन आजीच्या थडग्याशी सगळं सांगितलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना सलग झोप लागते.

नाना मात्र हातोड्याला शिवेनात. ते रोज सकाळी ऐरणीपुढे बसत आणि आपले तळवे बघत. त्र्यंबकेश्वरहून गडव्यांची मागणी आली तर बोटाने रंगाकाकांच्या घराकडे दाखवत. आठवडा गेला, मग मला राहवलं नाही. पाटीवर लिहिलं, 'तुमचा हात चुकला नाही. मी डाव्या कप्प्यात मूठभर तांदूळ टाकले होते. आईने सांगितलं म्हणून.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. त्यांचा चेहरा प्रथम मोकळा झाला, मला ते स्पष्ट दिसलं. जणू कुणी त्यांच्या खांद्यावरून हंडा उतरवला. मग त्यांनी अंगठ्याने अक्षरं पुसली.

"कुणाला सांगितलंस?"

कुणालाच नाही, अशी मी मान हलवली.

"सांगू नकोस. तो माणूस झोपलाय, झोपू दे." मग पाटी माझ्या हातात देत म्हणाले, "तांदळानं उलटलं म्हटलं तर पास्कू पुन्हा खिडकीशी."

मी लिहिलं, 'पण आळी म्हणते तुमचा हात गेला.'

"म्हणू दे. मला कुठं ऐकू येतंय?"

ते हसले. पण गिऱ्हाइकांना ऐकू येत होतं. कलंडलेलं जहाज गावभर झालं होतं. नाना पुढे फक्त दुसऱ्यांच्या गळक्या भांड्यांना डाख लावून देत राहिले, आणि मी कॉलेज सोडून एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले. त्यांना मी त्या दिवशी एक खरी गोष्ट दिली आणि त्यांनी ती कुणालाही दाखवली नाही, असं मी आयुष्यभर धरून चालले. माझ्या धंद्यात ज्या बातमीची खातरजमा एकाच माणसाकडून झाली आहे ती छापत नाहीत. इथे तो एक माणूस मीच होते, आणि मला पुन्हा तपासावंसं वाटलं नाही.

गेल्या वर्षी डिसूझा साहेबांची नात इंदिरानगरला माझ्या फ्लॅटवर आली. परदेशातल्या आपल्या मुलाकडे कायमची जात होती. चादरीत गुंडाळलेलं जहाज तिने जेवणाच्या टेबलावर ठेवलं. "आजोबा म्हणाले होते, हे ज्यांचं आहे त्यांना परत द्या," ती म्हणाली. ठेवताना आत तांदूळ सरकले. तिने माझ्याकडे पाहिलं. "आमच्याकडे हे कपाटावर असायचं, मावशी. कधी कधी दुपारी कुणी हात न लावता असा आवाज यायचा. आजोबा म्हणायचे, कोळसा."

मी याला काही म्हणत नाही. तिने सांगितलं ते नोंदवते आहे.

रंगाकाकांचा मुलगा सुनील आळीत अजून काम करतो. साठीला आला आहे, कानात यंत्र आहे. मी जहाज त्याच्याकडे नेलं आणि दोन्ही कप्पे उघडायला सांगितले. त्याने डाख तापवून पत्रे उचलले. मी चष्मा लावून वाकले. नाळ समोर ठेवून डावीकडचा कप्पा पाहिला.

तो रिकामा होता. आत नवाकोरा तांबडा पत्रा. एक दाणाही नाही.

तांदूळ उजव्या कप्प्यात होते. काळपट, टणक, माझ्या सोळाव्या वर्षाची मूठ. मधली भिंत शाबूत होती. एका कप्प्यातला दाणा दुसऱ्यात जायला वाट नव्हती. मी मनात त्या ऐरणीशेजारी उभी राहून पुन्हा मूठ सोडून पाहिली, आणि तेव्हा आठवलं. जहाजाची नाळ माझ्याकडे होती. माझ्या डाव्या हाताचा कप्पा हा जहाजाचा उजवा.

म्हणजे ते जहाज उजवीकडे जड होतं आणि डावीकडे झुकलं. डावीकडेच उलटलं.

"नानांचा हात चुकला असेल का?" मी विचारलं.

सुनीलने पत्र्यांची जाडी मोजली, दोऱ्याने दोन्ही कुशी मोजल्या, शिशाचे तुकडे पाहिले. अर्धा तास गेला. मग म्हणाला, "ताई, यात केसाचा फरक नाही. असं काम आता कुणाच्या बापाला जमणार नाही. माझ्या बापाला तर नव्हतंच जमत, म्हणून तो ओरडायचा."

"मग ते डावीकडे का झुकलं?"

त्याने जहाजाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काहील आहे अजून मागं. भरू का?"

"नको," मी म्हटलं.

नानांना मी जी समजूत दिली ती खोटी होती. तिच्यावर ते बावीस वर्षं जगले. डिसूझा साहेबांची झोप मात्र खोट्यावर नव्हती. दोघेही गेले; हे त्यांना सांगता येत नाही.

सुनीलने जुने तांदूळ कागदावर काढले होते. घरातून मूठभर नवे आणले. "मोकळं देणार नाही मी. कुठल्या बाजूला टाकू?"

"होते तिथेच."

त्याने कप्पे बंद केले, तळ वर केला आणि छिन्नी घेतली. "तुमचं नाव घालू?"

आळीत घडवणाऱ्याचं नाव भांड्यावर कधी घालत नाहीत. मी पास्कूच्या शेजारी बोट ठेवलं आणि सांगितलं, "केशव लिही."

तो एकेक ठिपका उठवू लागला. प्रत्येक ठोक्याला आत तांदूळ हलत होते. सुनीलने मान तिरकी करून ऐकलं, हात थांबवला, आणि कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. मग त्याने उरलेलं नाव पुरं केलं.